एकशे बेचाळीस

"तात्या, मूठ सोडा. हात सैल ठेवा. आणि बोलू नका."

"बोलाया कुठं लागलोय? गुमान बसलोय की."

"मग हे काय चाललंय?"

तात्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. जमलेल्या बायका हसल्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या, रतनआक्काच्या हळदीची सकाळ होती. अंगणात मांडव, मांडवात घोंगडं, घोंगड्यावर माझे वडील आणि त्यांच्या उजव्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा. तो मी बांधला होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, नर्सिंगचं पहिलं वर्ष संपत आलं होतं, आणि अख्ख्या करंजवाडीत माझ्याइतकी शहाणी मुलगी दुसरी नाही असं माझं पक्कं मत होतं.

तात्या म्हणजे भगवान जावीर, सनईवाले. त्या काळात जत-आटपाडीच्या बाजूला लग्न ठरलं की भटजींच्या आधी तात्यांना सांगावा यायचा. गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही, असं ते पाव-पाव तास वाजवायचे. आम्हा पोरींना लहानपणी वाटायचं, आपल्या बापाला श्वास घ्यावाच लागत नाही. आई मी चार वर्षांची असताना गेली. तेव्हा आक्का आठची होती. तिनं सातवीत शाळा सोडली, चूल हातात घेतली, आणि मला मात्र वेणी घालून रोज शाळेच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. "घरातलं येक तरी शिकू दे," असं ती म्हणायची. जणू ती स्वतः पन्नाशीची होती.

आमच्या घरात एक रीत होती. लेकीच्या हळदीची पहिली सनई बापानंच वाजवायची, आणि तो सूर सुरू झाल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लावायचं नाही. आजोबांनी आमच्या दोन्ही आत्यांना तशीच वाजवली होती. तात्या त्या दिवसाची वाट आक्का पाळण्यात असल्यापासून बघत असावेत.

आणि नेमकं लग्नाच्या आठ दिवस आधी ते घेरी येऊन उंबऱ्यात बसले. जतच्या डॉक्टरांनी तपासलं. प्रेशर दोनशेच्या वर. गोळ्या दिल्या आणि बजावलं, महिनाभर सनईला तोंड लावायचं नाही, फुंकताना डोक्यातली एखादी शीर फुटली तर माझ्याकडं येऊ नका.

तात्या घरी आले ते फुगून बसले. आक्का त्यांना समजावत होती, "न्हाई वाजवली तर न्हाई. काका वाजवतील की."

"मग काकालाच बा म्हन."

शेवटी तोड आक्कानंच काढली. "शालन येतीया न्हवं? ती बघंल. ती न्हाई म्हनली की इषय संपला. व्हय म्हनली तर वाजवा. हाय कबूल?"

तात्यांनी कबूल केलं. मी हॉस्टेलवरून हळदीच्या सकाळी पोचले, तेव्हा सगळं घर माझ्यासाठी खोळंबलं होतं. अंगावरची धूळसुद्धा न झटकता मी उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडून पाऱ्याचं यंत्र मागून आणलं. तोवर नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडच्या बायकाही येऊन बसल्या होत्या. त्यांत मुलाची आई हौसाबाई होत्या. मुलगा विट्याजवळ शाळेत मास्तर होता, अर्जुन केंगार. आक्कानं त्याला दोनदा बघितलं होतं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवसापर्यंत भाजीत मीठ विसरली होती. मी त्यावरून तिला भरपूर छळलं होतं.

तर मी पट्टा बांधला, कानांत स्टेथोस्कोप घातला, त्याची चकती कोपराच्या खोलगटात टेकवली आणि फुगा दाबायला लागले. पारा चढला. शंभर, एकशे वीस, एकशे साठ. वॉर्डात आम्ही सगळ्यांना एकशे साठपर्यंतच न्यायचो. चाळीस खाटा, दोन पोरी आणि नऊच्या राउंडआधी सगळे आकडे फळीवर लिहून तयार हवेत. तिथं प्रत्येकाची नाडी कोण धरत बसणार? सीनियर मुली म्हणायच्या, एकशे साठ कर आणि उतर खाली.

तात्यांना एक सवय होती. हात रिकामा असला की दुसऱ्या हाताची दोन बोटं मनगटावर ठेवून ते लय मोजत बसायचे. तशी त्यांनी पट्टा बांधलेल्या हाताच्या मनगटावर ठेवली होती. एकाएकी म्हणाले, "शाले, पट्टा एवढा आवळलास तरी नाडी चाललीच हाय की गं."

"तात्या! बोललं की प्रेशर वाढतं. गप बसा बघू."

ते गप बसले. माझ्या कानात काहीच ऐकू येत नव्हतं. पारा हळूहळू खाली येत होता. एकशे बेचाळीसला पहिला ठोका आला, स्पष्ट, टक्. मग ठोके येत राहिले आणि ब्याण्णवला थांबले.

"एकशे बेचाळीस, ब्याण्णव," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"म्हंजी?"

"म्हणजे उतरलंय. गोळ्या लागू पडल्या."

"मंग वाजवू?"

मी दाराकडं बघितलं. पिवळ्या पातळात आक्का दारात उभी होती. तिचा चेहरा उजळला होता, तरी ती पुढं येऊन हळूच म्हणाली, "शालन, नीट बघितलंस न्हवं? हवं तर पुन्यांदा बघ."

"आक्का, मी दिवसाला चाळीस जणांचं बघते."

हे वाक्य मी अगदी असंच म्हटलं. त्यातला एक शब्द इकडचा तिकडं नाही.

तात्यांनी सनई काढली. पत्ती ओठांत धरून ओली केली. चुलत्यांनी संबळावर थाप दिली आणि सूर सुरू झाला. आक्काला पाटावर बसवलं. पहिलं बोट तिच्या कपाळाला लागलं, मग गालाला, मग पायांना. ती खाली मान घालून रडत होती आणि रडताना हसत होती. तात्या डोळे मिटून वाजवत होते. मला आठवतं, मी मनात म्हटलं होतं, हे माझ्यामुळं होतंय.

सूर तुटला तेव्हा सगळ्यांना वाटलं, त्यांना भरून आलं. मी वळून बघितलं तर सनई त्यांच्या मांडीवर पडली होती. ते ती उचलायला जात होते आणि हात उठत नव्हता. त्यांनी मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली आणि दुसरी खाली लोंबत राहिली.

जीपमध्ये तात्यांचं डोकं आक्काच्या मांडीवर होतं. तिच्या हाताची हळद त्यांच्या केसांना लागत होती. जतला थांबलो, तिथून शहरात. मेंदूत रक्त उतरलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीव वाचला. त्या संध्याकाळी अक्षता पडल्याच नाहीत.

हॉस्पिटलात त्यांचं प्रेशर दोनशे वीस भरलं, हे मी कागदावर वाचलं होतं. पण असा झटका आल्यावर प्रेशर वाढतंच, हे मला माहीत होतं. तेवढं कारण मला पुरलं.

हौसाबाईंनी मात्र त्याच दिवशी मांडवात कारण शोधून काढलं होतं. चुलतीनं मला नंतर सांगितलं. "हळद वाळली न्हाई तवर बाप पडला. असल्या पायाची पोर आमच्या घरात नगं." कुणीतरी म्हणालं, अहो, त्यांना प्रेशरचा आजार होता. त्यावर त्या म्हणाल्या, "कसला आजार? त्याच्याच लेकीनं समद्यांदेखत बघितलं की. उतरलंय म्हनली. आजार उतरला हुता, तर मानूस पडला कशानं?"

मास्तरांनी आईला सांगून एक महिना मागून घेतला.

मी हॉस्टेलवर परतले. पंधरा-वीस दिवस झाले असतील. आमच्या रणभिसे सिस्टर आम्हा पाच-सहा मुलींना वॉर्डात घेऊन गेल्या. सिस्टर बुटक्या, आवाज बारीक, पण वॉर्डात शिरल्या की सीनियर मुलीही पदर नीट करायच्या. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती. सिस्टर मला म्हणाल्या, "जावीर, बीपी घे."

मी पट्टा बांधला. एकशे साठपर्यंत नेलं, खाली उतरले. "एकशे अडतीस, नव्वद."

"नाडी बघितलीस?"

"नाही, सिस्टर."

"पुन्हा फुगव. एकशे साठवर थांब. आता तिच्या मनगटावर बोटं ठेव."

मी ठेवली. म्हातारीची नाडी माझ्या बोटांखाली धडधडत होती. पट्टा एवढा आवळलेला, कानात शांतता, आणि नाडी चालूच.

"दाब खरंच एकशे अडतीस असता, तर एकशे साठवर ही नाडी बंद पडायला हवी होती. पडली?"

"नाही."

"मग अजून फुगव. नाडी लागेनाशी होईपर्यंत. अजून वर. आता हळू उतर."

दोनशे आठला ठोके सुरू झाले. एकशे सत्तरच्या आसपास ते एकदम नाहीसे झाले. कानात काहीच नाही. पारा उतरत राहिला आणि एकशे अडतीसला ते पुन्हा आले, जसे काही पहिल्यांदाच येत होते.

"वाढलेल्या दाबात काही जणांचं असं होतं," सिस्टर सगळ्यांना सांगत होत्या. "आवाज मध्येच गप्प होतो. तुम्ही बरोबर त्या गप्प जागेत पट्टा फुगवून थांबलात, तर दुसऱ्यांदा आलेला आवाज तुम्हाला पहिला वाटतो. पेशंटचं दोनशे असतं, तुम्ही एकशे चाळीस लिहिता आणि तो घरी जातो. म्हणून आधी नाडी. पहिल्याच महिन्यात शिकवलंय मी हे. वॉर्डात आलात की विसरता."

बाकीच्या मुली वहीत लिहून घेत होत्या. माझी बोटं अजून म्हातारीच्या मनगटावर होती. तात्यांचा आवाज मला इतका जवळून ऐकू आला की मी मागं वळून बघितलं. नाडी चाललीच हाय की गं. त्यांना कळलं होतं. सातवीसुद्धा न झालेल्या माझ्या बापाच्या बोटांना कळलं होतं आणि मी त्यांना गप बसवलं होतं.

"जावीर, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"काही नाही, सिस्टर."

हे 'काही नाही' म्हणणं तिथून सुरू झालं.

दोन दिवसांनी रविवार होता. दुपारी वॉचमननं येऊन सांगितलं, तुला भेटायला कुणीतरी आलंय. फाटकाजवळच्या बाकावर अर्जुन मास्तर बसले होते. मला बघून ते उठून उभे राहिले. होणाऱ्या धाकट्या मेव्हणीसाठी कुणी असं उठून उभं राहत नाही.

"तात्या कसे आहेत?"

"डाव्या हातानं पेला धरतात आता. बोलता येत नाही."

"आणि रतन?"

"ती असतेय त्यांच्याजवळ."

ते परत बाकावर बसले. मग म्हणाले, "शालनताई, मी सरळच बोलतो. आई ऐकत नाही. पायगुण, पायगुण एवढंच धरून बसलीय. मी ते मानत नाही. पण आमच्या घरात शब्द तिचा चालतो, आणि तिला उत्तर द्यायला माझ्या हातात काही नाही. मी म्हणतो, तो आजार होता. ती म्हणते, पोरीनं बघितलं तेव्हा आजार नव्हता. तुम्ही शिकलेल्या आहात. त्या दिवशी काहीतरी निसटलं असेल. यंत्र बिघडलेलं असेल. असं होतं का कधी?"

मी बाकाच्या कडेचा रंग नखानं खरवडत होते.

"होत असेल तर मला एका कागदावर लिहून द्या. प्रेशर वाढलेलंच होतं, एवढं एकच वाक्य. मी तो कागद आईपुढं ठेवतो. तुमचं नाव खराब होऊ देणार नाही. वाटलं तर यंत्रावर घालू."

यंत्रावर घालू. माणूस किती चांगला होता बघा. मला पळवाटसुद्धा त्यानंच काढून दिली होती, आणि तीही मला घेता आली नाही. कारण मला माहीत होतं यंत्र चांगलं होतं. मी यंत्राचं नाव घेतलं असतं तर कुणीतरी ते तपासलं असतं, मग मला विचारलं असतं, मग सिस्टरांना कळलं असतं. नर्सिंग सुटलं असतं असं मला वाटलं. सगळ्या गावाला कळलं असतं की भगवानच्या लेकीनं बापाला आपल्या हातानं पाडलं. आक्काला कळलं असतं. मला सगळ्यांत जास्त भीती तिची होती.

"सांगा ना," ते म्हणाले.

"एकशे बेचाळीस होतं," मी म्हटलं. "ब्याण्णव. मी नीट बघितलं होतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली, मास्तर लोक पोरानं उत्तर चुकवलं तरी डोलावतात तशी. आणि गेले.

महिना संपल्यावर निरोप आला. लग्न मोडलं. दिवाळीनंतर मास्तरांचं दुसरीकडं झालं. आक्काला त्यानंतर एकच स्थळ आलं, बिजवराचं. त्यांनीही गावात चौकशी केली आणि पुन्हा आले नाहीत.

पुढची अकरा वर्षं आक्कानं तात्यांचं सगळं केलं. अंघोळ, भरवणं, कुशीवर वळवणं. मी शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. सुट्टीला गेले की तात्यांचं बीपी घ्यायची, आधी नाडी धरून, दोन्ही हातांचं, दोन-दोनदा. आक्का कौतुकानं बघायची. शेजारणीला सांगायची, "माजी भन लई बारकाईनं बघती." प्रत्येक वेळी घरी जाताना मी ठरवायची, ह्या खेपेला सांगायचं. एसटी गावात शिरेपर्यंत सगळी वाक्यं तोंडपाठ असायची. मग आक्का दारात दिसायची, माझ्या हातातली पिशवी घ्यायची, म्हणायची, "वाळलीस गं." आणि वाक्यं जायची.

तात्या गेल्यावर मी तिला माझ्याकडं घेऊन आले. तोवर मी स्वतः नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागले होते. पहिल्याच महिन्यात प्रत्येक बॅचला पट्टा आणि नाडी शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली मुलगी एकशे साठवर थांबणार नाही, ह्याची मी खात्री करते. मुली मला मागं 'नाडीबाई' म्हणतात. म्हणू देत.

गेल्या वर्षी आक्काचं डोकं दुखायला लागलं. मी तिला आमच्याच ओपीडीत घेऊन गेले. तिथं माझी एक विद्यार्थिनी होती, प्रणिती, चुणचुणीत पोर. म्हटलं, ह्यांची सगळी तपासणी तूच कर, मी बघते. तिनं आक्काला पाच मिनिटं शांत बसवलं, पाय खाली टेकवायला लावले, नाडी धरली, मग पट्टा फुगवला. एकशे चौऱ्याहत्तर, शंभर. दुसऱ्या हातालाही तेच. मग ती फॉर्म घेऊन बसली.

"मावशी, तंबाखू, मिश्री?"

"न्हाई बाई."

"मीठ वरून घेता?"

"उलीसं."

"घरात कुणाला बीपीचा त्रास होता? आई, वडील?"

"न्हाई," आक्का म्हणाली. "वडील अंथरुणाला खिळून हुते अकरा वर्सं, पर ते बीपीनं न्हवं. त्यांचं बीपी चांगलं हुतं. हिनंच बघितलेलं की. ते माज्या पायगुनानं पडले. माजी हळद लागत हुती आन् पडले."

आपलं वय सांगावं इतक्या सहज तिनं ते सांगितलं. प्रणितीनं पेन उचललं आणि माझ्याकडं बघितलं.

इतकी वर्षं मी समजत होते की लोकांनी आक्काला ते चिकटवलं आणि ती मुकाट्यानं सोसत आली. तिला ते खरं वाटत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. तिनं तात्यांचं अकरा वर्षं जे केलं, ते लेक म्हणून केलंय असं मी धरून चालले होते. ती फेडत होती. माझ्या हातून झालेलं ती फेडत होती, आणि मी सुट्टीला जाऊन तिच्या हातची भाकरी खात होते.

"प्रणिती, तू जरा बाहेर जा," मी म्हटलं.

ती गेली. मी आक्काच्या समोरच्या स्टुलावर बसले आणि सांगितलं. मी आधी पाठ केलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. वॉर्डातली सवय, एकशे साठ, मध्येच गप्प होणारा आवाज, तात्यांचं बोलणं, मी त्यांना गप बसवणं. त्या सकाळी त्यांचं दोनशेच्या वर होतं आणि मी उतरलंय म्हणाले. रणभिसे सिस्टरांनी दाखवलं, मला कळलं. आणि कळल्यावर दोन दिवसांनी मास्तर विचारायला आले, तर मी त्यांच्याशीही खोटं बोलले.

आक्का ऐकत होती. दंडावर पट्ट्याचा वळ उमटला होता, त्यावरून ती अंगठा फिरवत होती. मी वाट बघत होते. तिनं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मास्तर आलं हुतं?" ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"कुटं?"

"हॉस्टेलवर. रविवारी."

"येकलंच?"

"एकटेच."

"म्या समजत हुते, त्यांनी इचारलंबी न्हाई."

"आक्का, मी काय सांगतेय ते कळलं का तुला? तुझा काही संबंध नव्हता. चूक माझी होती. तात्यांना मी..."

"कळलं की." तिनं हात झटकला. "ते ऱ्हाऊ दे. मास्तर काय म्हनले ते सांग."

मी सांगितलं. उठून उभे राहिले ते सांगितलं. आधी तात्यांचं विचारलं, मग तुझं विचारलं. पायगुण मानत नाही म्हणाले. कागद मागितला. यंत्रावर घालू म्हणाले. आक्का मध्ये मध्ये थांबवून विचारत होती. नाव घिऊन इचारलं का माजं? नुसतं रतन म्हनले? सदरा कसला हुता? मला आठवत होतं तेवढं मी सांगितलं. निळ्या रेघांचा होता. चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो सुतळीनं बांधला होता.

"आन् जाताना?"

हे मी सत्तावीस वर्षांत स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

"जाताना म्हणाले, रतनला एवढं सांगा की मी येऊन गेलो."

आक्कानं डोळे मिटले. बाहेर प्रणिती कुणालातरी नंबर विचारत होती. मग आक्का म्हणाली, "विट्याहून आलं आसतील."

"हो."

"दुपारचं."

"हो. दीड-दोन वाजले असतील."

"पानी दिलंस त्यांना?"

मी आठवून बघितलं. बाक आठवला, फाटक आठवलं.

"नाही," मी म्हटलं. "नाही दिलं."

तात्या पडले तेव्हा ती जीपमध्ये रडली नव्हती. लग्न मोडल्याचा निरोप आला तेव्हा ती भाकरी थापत होती आणि थापतच राहिली होती. तात्या गेले तेव्हाही तिनंच सगळ्यांना सावरलं होतं. आता तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वेडावाकडा झाला.

"आगं, एवढ्या लांबनं आला मानूस," ती म्हणाली, "घोटभर पानीबी न्हाई दिलंस, शालन?"

आणि ती रडायला लागली.